सातावरून दोनावर

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. तिचं बाळ आता आठ महिन्यांचं होतं. ते जन्मलं तेव्हा घरदार हसत होतं आणि ही पाळण्याशेजारी दगडासारखी बसून होती. सासूबाई म्हणाल्या, "सुख दुखतंय हिला." डॉक्टरीणबाईंनी मात्र बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे म्हणून सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी जेवढं होईना, तेवढं मोबाइलवरच्या आयांच्या एका ग्रुपनं केलं.

ग्रुपचा नियम साधा होता. रोज दुपारी प्रत्येकीनं आपल्या दिवसाला दहापैकी गुण द्यायचे. तीनच्या खाली गेलीस की ग्रुप चालवणाऱ्या ताईचा फोन. ताई शाळेची बस चालवायची. हेच दुखणं तिनं दोन बाळंतपणांत काढलं होतं. शाळा सुटायच्या आधी बस फाटकाशी लावली की तिला वीस मिनिटं मिळायची. त्यात एकच फोन धड व्हायचा.

चार महिने तो फोन हिचा होता.

"केस विंचरलेस का आज?" ताई विचारायची.

"नाही."

"मीपण नाही. चला, दोन भुतं झाली."

त्यावर ही हसायची. नवरा म्हणायचा, "तुझी ताई म्हणजे माझी सवतच आहे!" बिचारा खोटं बोलत नव्हता.

मग ही बरी व्हायला लागली, आणि तिथंच घात झाला. दोनाचे चार झाले, चाराचे सात. बाळाला कुशीत घ्यावंसं वाटू लागलं, ती कामावर परतली, आणि फोन बंद. सातवालीला कोण विचारतं? ताईनं ग्रुपवर एक फूल टाकलं, खाली "शाब्बास पोरी." झालं.

त्यात एक नवी आली. बारा दिवसांची बाळंतीण. रोज गुण एक, नाहीतर दीड. दीड! आमच्या वेळी नव्हती बाई अर्ध्या गुणाची चैन. एके दिवशी त्या नवीनं लिहिलं, 'ताईंचा आवाज ऐकला की श्वास घेता येतो.' हिच्या अंगाचा तिळपापड झाला. हे वाक्य हिचं होतं. लिहायचं तेवढं सुचलं नव्हतं. आपलं ते दुखणं आणि दुसरीचं ते नाटक, असा सरळ न्याय तिनं मनात करून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं हात पुसले आणि ग्रुपवर लिहिलं, 'दोन.'

फोन लगेच वाजला. "सातावरून दोनावर? काय झालं गं? घसरलेलीला आधी धरायचं असतं, म्हणून पहिला तुला केला."

इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून हिला रडूच आलं. ते खरं होतं. पण चोराच्या मनात चांदणं; ताई जितकं मायेनं विचारी, तितकी ही अडखळे. पंधरा मिनिटं गेली. तेवढ्यात पडद्यावर नवीचा निरोप आला: 'ताई, आज फोन नाही आला. मी जिन्यात येऊन बसलेय. बाळ आत रडतंय. कुणी आहे का?'

हिनं तो वाचला आणि बोलून टाकलं.

"ताई, मी खोटं लिहिलं. मी सातच आहे. ती नवी जिन्यात बसलीय."

पलीकडे शाळेची घंटा झाली, मुलांचा गलका आला. ताई रागावली नाही, हेच जास्त लागलं.

"मुलं चढतायत. आता पाऊण तास मला फोनला हात लावता येणार नाही. तू कर तिला."

"मी? मला काय येतंय?"

"दोन म्हणजे काय ते येतंय ना? कर."

तिनं नंबर लावला. पहिल्याच रिंगला आवाज आला, "ताई?"

"नाही. मी चष्म्याच्या दुकानातली."

"हां." आवाज पडला. "ताईंना सांगाल का फोन करायला?"

तिला झोंबलं. तरी तिनं फोन ठेवला नाही. "पाऊण तासानं करतील. तोवर मी आहे. दार उघडं आहे ना? ऊठ, आत जा बाळाजवळ. मी बोलतेय."

पावलं वाजली. रडणं जवळ आलं, मग हळूहळू कमी झालं.

"तुम्हाला ताई रोज करायच्या?" नवीनं विचारलं.

"रोज."

"किती दिवस?"

"चार महिने."



"मजा आहे तुमची," नवी म्हणाली. त्या आवाजातला जळफळाट हिनं लगेच ओळखला.