गिरजाबाईंच्या पाटीतला डिस्क प्लेयर

गुरुवारी आमच्याकडे मासे होत नाहीत, आणि हे माझ्या सख्ख्या नणंदेपेक्षा गिरजाबाईंना जास्त पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच त्या गुरुवारी सकाळी, मी पोह्यांवर कोथिंबीर पेरत असताना, दारावर बांगड्यांसकट थाप पडली तेव्हा मी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. वार बरोबर होता. थापही बरोबर होती. बेल असताना दार वाजवणारं आमच्या मजल्यावर दुसरं कोणी येत नाही. एकदा मी विचारलं होतं, तर म्हणाल्या, "बेल कोनी पन दाबंल. हात माझा वलखता ना तुमी?"

दार उघडलं. गिरजाबाई उभ्या. डोक्यावर पाटी, पाटीवर ओला नव्हे, कोरडा टॉवेल.

"आज गुरुवार आहे हो गिरजाबाई."

"म्हाईत हाय. पापलेट नाय आनला." त्यांनी पाटी उतरवली आणि टॉवेल बाजूला केला. आत एक काळा, चपटा डिस्क प्लेयर होता. त्याची वायर मासे बांधायच्या सुतळीने नीट गुंडाळलेली. "पाटी नवी हाय, वास नाय यायचा. ताय, याला बगा. याची वाचा गेलीय."

आमच्या सीवूड्सच्या या सोसायटीत मला ओळखतात ते दोन गोष्टींसाठी. एक, माझे उकडीचे मोदक फुटत नाहीत. दोन, रिमोट, गिझर, इंटरकॉम, कशाचंही माहितीपुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. विज्ञान शाखेची पदवी कपाटात पडून आहे, पण त्यासाठी लागणारा धीर मी रोज वापरते. गिरजाबाईंचा मोबाइल बोलायचा थांबला होता तेव्हा मीच तो बोलता केला होता. त्यामुळे त्या माझ्याकडेच येणार, हे ठरलेलं.

गिरजाबाई करावे गावच्या. खाडीवर जाळं टाकणाऱ्या पंढरीची बायको म्हणून त्या गावात आल्या, आणि आमचे हे टॉवर उभे राहिले तेव्हा त्यांच्या दारोदार पाटी घेऊन फिरू लागल्या. भाव त्या घरातल्या माणसाचं तोंड बघून सांगत नाहीत, मासळीचं तोंड बघून सांगतात. शिळं असेल तर स्वतःच म्हणतात, "हे तुमी नका घेऊ, ज्याला घाई हाय त्याला देते." आमचा निखिल लहानपणी काट्यांना घाबरायचा, त्याला बोटांनी काटे काढून पहिला घास यांनीच भरवला.

पण त्यांचं खरं काम मासे विकणं नव्हे. गिरजाबाई धवलारीण आहेत. त्यांच्या गावातल्या लग्नांत हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो म्हणणारी बाई मांडवात बसल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही. धवले कागदावर नसतात. पुढची बाई ओळ म्हणते, मागे बसलेली ती उचलते, आणि असं उचलता उचलताच पुढची पिढी तयार होते. गिरजाबाई आपल्या ठकूमावशीच्या मागे बसून तयार झाल्या.

मी पोह्यांची बशी त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "झालं काय नक्की?"

"अबोलीचा लगीन हाय तुलशीच्या लग्नानंतर." अबोली म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाची मुलगी, वाशीला ऑफिसात जाते. "मावशीचा एक धवला हाय, घरच्या लग्नातच म्हनायचा. सगल्या देवांना बोलावनं झालं का शेवटी खारीला बोलावनं." खारी म्हणजे खाडी. "मावशीनं तो सोता बांधला. दुसऱ्या कोनाला येत नाय."

"तुम्हाला तर येतो ना?"

त्यांनी पोह्यांतला शेंगदाणा बोटाने बाजूला सारला. "अर्धा."

मग त्यांनी समजावलं. बाकीचे धवले गिरजाबाई मावशीबरोबर शंभरदा बसून शिकल्या. हा मात्र घरच्या लग्नापुरता, आणि तेव्हाही त्या मागे बसलेल्या. मावशी ओळीचा पहिला अर्धा म्हणायची, ह्या दुसरा. पहिला अर्धा कानावर पडायचा, पण तोंडात कधी आलाच नाही. मावशी गेली. आता तो अख्खा धवला एकाच ठिकाणी उरला होता, धाकट्या मुलाच्या, मिथुनच्या, लग्नाच्या डिस्कवर. शूटिंग करणाऱ्याचं वाशीतलं दुकान कधीच बंद झालं होतं आणि दुसरी प्रत कोणाकडे नव्हती.

"आनि हा डबा बोलतो, डिस्क वाचता येत नाय. मिथुन म्हनाला, आय, त्याचा सॉफ्टवेअर जुना झाला. नेटवरनं कायतरी उतरवला, पेन ड्राइव्हवर घेतला, याला पाजला. परत तेच. परत पाजला. मदीच लाईट गेली, तवा तर नुसता निला पडदा. मग तिसऱ्यांदा पाजला."

"बाळाला पोलिओचे डोस दिल्यासारखं," आतून जयप्रकाश म्हणाले. माझा नवरा निवृत्त झाल्यापासून सकाळचं वर्तमानपत्र वाचताना कान मोकळे ठेवतो. "गिरजाबाई, डिस्कचे दिवस गेले आता. फेकून द्या हे."

"दादा, मावशीला फेकू?"

जयप्रकाशनी वर्तमानपत्र थोडं वर उचललं.

मी प्लेयर टीव्हीला जोडला. आधी त्यांची डिस्क लावली नाही. निखिलच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची जुनी डिस्क कपाटात होती, ती लावली. पडद्यावर झाडाच्या वेशातला निखिल लगेच दिसला. एवढं बघून मी समाधानाने ती काढली. म्हणजे मशीन वाचतंय. गिरजाबाईंच्या घरी डिस्क एकच, बाकी सगळं मोबाइलवर, त्यामुळे मिथुनला हे कळायला मार्गच नव्हता.

"आता तुमची द्या."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून डिस्क काढली, खणाच्या कापडात बांधलेली. मी ती खिडकीकडे धरली. वरच्या बाजूवर मिथुन आणि त्याच्या बायकोचा फोटो. मी उलटवली. चकचकीत बाजूवर मधोमध पाच बोटं उठली होती. पिवळी, त्यावर लाल, वाळून घट्ट झालेली. कडेला झेंडूची एक पाकळीसुद्धा चिकटलेली.

"गिरजाबाई, हे काय?"

"दसऱ्याला पुजली ना!" त्या अभिमानाने म्हणाल्या. "होडीचा इंजिन पुजला, जालं पुजलं, कोयता पुजला. माझं हत्यार कोनचं? ही. मंग हिला नको पुजू? वरनं एक बोट, आनि खाली पाच. चेहऱ्यावर कशी लावनार हलद, पोराचा फोटो हाय ना तिकडं. म्हनून खाली."

जयप्रकाशच्या वर्तमानपत्रामागून खुसखुसण्याचा आवाज आला.

"अहो, ती खालचीच बाजू मशीन वाचतं."

गिरजाबाईंचा हात तोंडावर गेला. क्षणभर मला वाटलं आता डोळे भरून येतील, पण त्या खो खो हसत सुटल्या. "म्हंजे मीच मावशीच्या तोंडात कुंकू कोंबलं! आनि तो माझा येडा त्या डब्याला औषिद पाजतोय!"

मी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले, निखिलच्या मऊ बनियनचा तुकडा घेतला, आणि मधून बाहेर, सरळ रेषेत, हलक्या हाताने पुसत गेले. गोल गोल पुसायचं नाही, ओरखडे पडतात. गिरजाबाई श्वास रोखून बघत होत्या. पाणी केशरी झालं. डिस्कवर एक फिकट पिवळी छटा राहिली, पण तेवढी चालते. वाळवली, लावली.

मांडव दिसला. आंब्याचे टाळे, केळीचे खांब, आणि मधे पाटावर बसलेली हिरव्या लुगड्यातली एक किडकिडीत म्हातारी. हातात तांदूळ. मागे तेव्हाच्या गिरजाबाई, नाकात नथ.

"मावशी," गिरजाबाई म्हणाल्या.

ठकूमावशीचे ओठ हलत होते. आवाज मात्र नव्हता. मी टीव्हीचा आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला. मग लक्षात आलं की निखिलही मघाशी मुकाच होता, आणि मी चित्र बघूनच खूष झाले होते.

"झालं," जयप्रकाश उठलेच. "मी कस्टमर केअरला लावतो." त्यांना फोनवर रागवायला आवडतं. स्पीकर चालू करून त्यांनी सगळं सांगितलं.

पलीकडचा मुलगा फार गोड होता. "सर, मी सौरभ बोलतोय. फर्मवेअर लेटेस्ट आहे का?"

"तीन वेळा केलंय!"

"मग सर, चौथ्यांदा करून बघा. नाहीतर डिस्क जुनी असेल."

"अहो, आमच्या डिस्कमध्ये माणूस आहे!" जयप्रकाश ओरडले. मघाशी फेकून द्या म्हणणारा माणूस तो हाच.

इकडे गिरजाबाईंना कोणाचाच फोन ऐकू येत नव्हता. त्या टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि मावशीच्या ओठांकडे बघत गात होत्या. पडद्यावरचं तोंड उघडलं की इकडे आवाज निघायचा. मावशीने तांदूळ उधळले की ह्यांचा रिकामा हात उधळायचा. एकामागून एक देव आले, गावदेवी आली, समुद्र आला. जयप्रकाशनी सौरभला न सांगताच फोन ठेवला. मग मावशीने पदर सारखा केला, समोरच्या पाण्याच्या कळशीकडे हात जोडले आणि तोंड उघडलं. नेमका त्याच वेळी कॅमेरा वळला आणि नवरीच्या बांगड्या दाखवू लागला. बांगड्यांवरून मेंदीवर. मेंदीवरून पंगतीत जिलेबी वाढणाऱ्या माणसावर.

"जल्ला तुजा कॅमेरा!" गिरजाबाईंनी टीव्हीलाच दम भरला. "हाच, ताय. हाच तो धवला."

परत मावशी दिसली तोवर कळशीपुढचे तांदूळ उधळून झाले होते. ओठ वाचून भागणार नव्हतं. आवाजच हवा होता.

"थांबा," मी म्हटलं. "आवाज डिस्कवर आहे. मशीनमधून तो निघतोही आहे. फक्त आपल्या टीव्हीला कळेल अशा भाषेत निघत नाही." कारण मला तोवर उमगलं होतं. अपडेट आलं की ते जुन्या सेटिंग पुसून आपल्या मनाच्या मांडून ठेवतं. घरात पाहुणी यावी आणि न विचारता माझे डबे भलत्या फळीवर लावून जावी, तसंच हे. मीठ घरातच असतं, हाताला लागत नाही एवढंच.

मी सेटिंगचा पडदा उघडला आणि एकेक ओळ वाचायला लागले. भाषा, रंग, पडद्याचा आकार. जयप्रकाश मागून म्हणाले, "नंदिनी, सगळं रीसेट मार ना." मी म्हटलं, "तुम्ही पोहे खा." सगळं पुसून टाकणं म्हणजे पाहुणीला परत बोलावणं. आवाजाच्या भागात खाली एक ओळ होती. तिथे अपडेटने ठेवलेली निवड मोठ्या स्पीकरच्या संचासाठी होती. आमचा टीव्ही साधा, त्याचा साधा पर्याय शेजारीच होता. तो निवडला. सेटिंग बंद केलं, डिस्क थोडी मागे नेली.

मघापासून टीव्हीचा आवाज वाढवलेलाच होता. ठकूमावशी अशी कडाडली की समोरच्या उज्वलाताईंनी दार उघडून बघितलं. घोगरा, पातळ, जरा नाकातला आवाज, पण त्यात मुळीच विनवणी नव्हती. देवांना असं बोलावत होती जसं शेजारणीला अंगणातून हाक मारतात.

गिरजाबाई गायच्या थांबल्या. पदर डोक्यावर घेतला. पडद्यावर बांगड्या, मेंदी, जिलेबीवाला, आणि त्यावर मावशीचा आवाज. ती खाडीला विचारत होती. तू कुठल्या वाटेने येशील? तुला बसायला काय घालू? पानात काय वाढू? आणि प्रत्येक प्रश्नामागून तेव्हाच्या गिरजाबाईंचा आवाज यायचा, खाडीच्या वतीने उत्तर देत. खाजणाच्या वाटेने येईन. चटई नको, चिखल बरा. मीठ मीच आणीन.

"म्हंजे मी खारी होते," गिरजाबाई हळूच म्हणाल्या. "मना वाटायचं मी नुसती वडतेय मागनं."

मी परत लावलं. मोबाइलवर उतरवूनही घेतलं, दोनदा, आणि अबोलीला पाठवलं. पण गिरजाबाईंना तेवढं पुरणार नव्हतं. कुठल्या शब्दाला हात जोडायचे, कधी तांदूळ उधळायचे, हे मावशीकडे बघूनच घ्यायचं होतं. त्या पुन्हा पुन्हा ऐकत गेल्या आणि थोड्या वेळाने प्रश्न स्वतः म्हणू लागल्या. एका ठिकाणी अडल्या तर जयप्रकाशनी उत्तर म्हटलं. पोह्याचा चमचा हातात, स्वर भलताच. गिरजाबाई म्हणाल्या, "दादा, खारी येवढी बेसूर नाय हो," आणि तरी त्यांना थांबवलं नाही. मागे अबोलीला बसवायचं, असंही त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. नवरी आपल्याच लग्नात मागे कशी बसणार, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "आधी शिकंल तरी. मंग दुसरीला देईल."

निघायची वेळ झाली. डिस्क खणात बांधली, या वेळी मी सांगायच्या आधीच त्यांनी वरच्या बाजूला कडेला, अगदी टिकलीएवढं कुंकू लावलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. चालेल.

प्लेयर बंद करायला मी रिमोट घेतला, तेवढ्यात पडद्यावर एक चौकोन उमटला. नवीन अपडेट उपलब्ध आहे. आत्ता करायचं?

"अरे वा," म्हणत जयप्रकाशचा हात पुढे आला.

गिरजाबाईंनी तो मनगटाला धरला, एवढा घट्ट की बांगड्या वाजल्या. मग दुसऱ्या हाताने माझ्याकडचा रिमोट माझ्याच मुठीत नीट बंद केला.

"ताय," त्या म्हणाल्या, "हा डबा लगीन होईस्तवर तुमच्याकडंच ठेवा. मी रोज दुपारी येते. येवढंच करा, याला कोनाला अपडेट करू देऊ नका."