गुरुवारची मोठ्यानं केलेली प्रार्थना

माझी प्रार्थना लांबलचक असते आणि खरं सांगायचं तर मला त्याचा गर्व होता. अकोल्यात आम्ही चर्चच्या मंडळीतल्या बायका दर गुरुवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमतो आणि डोळे मिटून एकीनंतर एक मोठ्यानं प्रार्थना करतो. माझ्यामुळे चहा दोनदा गरम करावा लागतो, असं माझी मैत्रीण सरोज चिडवायची.

त्या गुरुवारी जुन्या शहरात सरोजच्याच घरी जमलो होतो. तिच्या मुलीचं, रूथचं, अमरावतीला लग्न जुळत आलं होतं आणि मुलाची आत्या मुद्दाम घर बघायला आली होती आणि तीही प्रार्थनेला बसली होती. रूथला लहानपणापासून फिट यायच्या. आता गोळ्यांनी त्या आटोक्यात होत्या, पण सरोजनं ही गोष्ट एकट्या मला सांगितली होती. "कोणाले सांगजो नको," असं हात धरून बजावलं होतं.

प्रार्थनेत शिरले की मला भान राहत नाही. भरात म्हणून गेले, "प्रभू, आमच्या रूथवर दया कर. तिच्या फिट कायमच्या थांबव." माझेच शब्द माझ्या कानावर पडले. कसंबसं आमेन म्हटलं. डोळे उघडायची हिंमतच होईना. पोटच्या पोरीसारख्या मुलीचं लग्न मी देवाचं नाव घेऊन मोडलं होतं.

माझ्यानंतर आत्याबाईंनी प्रार्थना करायची होती. बराच वेळ काहीच ऐकू येईना. मला वाटलं, उठून गेल्या. मग त्यांचा आवाज आला, "प्रभू, आमच्या पोराले डाव्या कानानं आयकू येत नाही. आमीबी हे लपवून ठेवलं. आमाले माफ कर."

मी दचकून डोळे उघडले. आत्याबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

मग मुलं फोनवर बोलली, एकमेकांना सगळं सांगून मोकळी झाली आणि लग्न पक्कं झालं. मंडळीत काहींनी मला चक्क शाबासकी दिली. ती मला घेता येईना. चूक माझी होती, सावरलं प्रभूनं. त्याचे उपकार मी कसे फेडू? ओठांवर देवाचं नाव असलं तरी जीभ घसरते, हे त्या दुपारी कळलं. आता बरंचसं मी त्याच्यावर सोपवते आणि गप्प बसते.

सरोज मात्र महिनाभर बोलली नाही. दोनदा माफी मागायला गेले. तिनं पाणी दिलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मग एका सकाळी लग्नाची पत्रिका घेऊन तीच दारात उभी राहिली.

"रूथसाठी पहिली प्रार्थना तूच करजो," ती म्हणाली. मला रडू फुटलं, तसा तिनं माझा हात घट्ट दाबला.

"पण मनातल्या मनात."