उद्या येतो म्हणालेला शिपाई

सिंगापुरात क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, मी टेबलावर टिश्यूचं पाकीट टाकून कॉफी आणायला गेले. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचो, तसंच. परत येते तर एक गोरे आजोबा माझ्या जागेवर बसून माझ्याच टिश्यूने घाम पुसतायत. भांडायला मला कारण लागतंच असं नाही, पण हे आयतं मिळालं होतं. तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "इथे ब्रिटिश छावणीच्या गेटबाहेर नूडल्स विकणारी एक बाई होती. माहीत आहे तुम्हाला?"

"केव्हा?"

"एकाहत्तर साली."

भांडण राहिलं बाजूला. मी समोर बसले.

ब्रिटिश सैन्याने सिंगापूर सोडलं तेव्हा हे एकोणीस वर्षांचे शिपाई. शेवटचा आठवडा नुसती बांधाबांध. त्यात यांनी साहेबांची टोपी एका खोक्यात घालून वरून खिळे ठोकले, आणि निरोपाच्या परेडला साहेब उघड्या डोक्याने उभे. हे सांगताना आजोबांना हसून हसून ठसका लागला.

ती बाई रोज संध्याकाळी गेटबाहेर हातगाडी लावायची. यांची आई लहानपणीच गेलेली. एकदा तापाने पडले, तर बाईने चार दिवस पेज करून आत पाठवली. निघायच्या आदल्या संध्याकाळी यांना तिचा निरोप काही घेववेना. "उद्या येतो," म्हणाले आणि पहाटे विमानात बसले.

"मी खोटं बोललो तिच्याशी. तिने वाट पाहिली असेल," ते म्हणाले. "ती जिवंत असेल तर मला माफी मागायची आहे."

"अहो, मग चुकलं काय तुमचं?" मी म्हटलं. "आमच्यात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. चुकून म्हटलंच तर दारातून परत बोलावतात आणि 'येतो म्हण' म्हणून दटावतात. तुम्ही अगदी आमच्या रीतीने वागलात."

"पण मी आलो नाही ना."

माझं टिश्यूचं पाकीट मी आपणहून त्यांच्याकडे सरकवलं. असं क्वचित होतं, घरी विचारा.

खरं सांगायचं तर ते कुणाबद्दल विचारतायत हे मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. तिसऱ्या स्टॉलमागे बसून मोडांच्या शेपट्या खुडणारी चौऱ्याऐंशी वर्षांची आंटी. स्टॉल आता तिचा मुलगा चालवतो. गेटबाहेरच्या हातगाडीच्या गोष्टी मी तिच्याकडून शंभरदा ऐकल्यात. पण गोष्ट पुरी ऐकल्याशिवाय पत्ता कोण देतं?

मी त्यांना घेऊन गेले. आजोबा आंटीपुढे ताठ उभे राहिले आणि सगळं एका दमात बोलून मोकळे झाले. पेज, ताप, खोटं बोलणं, माफी. आंटीने त्यांना खालून वर न्याहाळलं. ओळख पटली की नाही, देव जाणे.

"सगळेच म्हणाले, उद्या येतो," ती आपल्या तुटक, इथल्यासारखं शेवटी 'ला' जोडलेल्या इंग्लिशमध्ये म्हणाली. "छावणी रिकामी होणार हे पेपरात आलं होतं, ला. दुसऱ्या दिवशी मी गाडी लावलीच नाही."

आजोबा मटकन स्टुलावर बसले. पन्नासहून जास्त वर्षं जिवाला खाणारी गोष्ट, आणि ती अख्ख्या गावाला ठाऊक. ते रडले. मलाही रडू आलं, लपवत नाही. आंटीने मुलाला एक वाडगा भरायला सांगितलं. आजोबांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

"उद्या येणार?" तिने विचारलं.

आता मात्र खरंच बोलायचं, असं त्यांनी ठरवलं असावं. "नाही," ते म्हणाले. "उद्या माझं विमान आहे. आता या वयात परत येणं व्हायचं नाही."

आंटीचा चेहरा पडला. तिने रिकामा वाडगा पुढ्यातून ओढून घेतला.

"तरुणपणी बरं बोलायचास," ती म्हणाली.