लोणी देवकरहून म्हटलेली शपथ

बारामतीच्या आमच्या हायस्कुलात गुणवंत मंडळ होतं. त्यात यायचं तर नववीला चांगले गुण लागत, हजेरी पुरेशी लागे, कुठल्याच शिक्षकाची तक्रार चालत नसे. शिवाय दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं एक काम वर्षभर स्वतःहून करावं लागे. निवड झाली की ओढणीवर निळा बिल्ला लागायचा. दहावीच्या ताया तो लावून पाण्याच्या टाकीपाशी आल्या, की मी ओंजळ तशीच धरून बघत राहायची.

माझी मैत्रीण कन्हेरीत आमच्या घरामागंच, मामाकडं राहायची. आईवडील लोणी देवकरला. वडील तिथल्या कारखान्यात कामाला. मंडळात दोघींनी मिळून जायचं, हे तिनंच ठरवलं. संध्याकाळी गावातल्या मराठी शाळेच्या ओट्यावर आम्ही लहान पोरांचं वाचन घ्यायचो. मी पोरांना गप्प बसवायची, ती त्यांना बोलतं करायची. पोरं पांगली की ती मला भूमिती शिकवायची.

दिवाळीत तिच्या आईला मुदतीआधीच बाळ झालं. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. ती गेली, ती संक्रांत झाल्यावर परतली. तरी वार्षिक परीक्षेत गुण तिलाच जास्त पडले. कमी पडली ती हजेरी.

मी आमच्या वर्गशिक्षिका बाईंकडं गेले. "बाई, ती काय हिंडायला गेली नव्हती. आईचं बाळंतपण करत होती."

"मला पटतंय गं," बाई म्हणाल्या. "मोठ्या सरांशीही बोलले. एकीला सूट दिली तर बाकीच्यांना काय सांगायचं, म्हणतात."

मग मीही जात नाही, असं मी मैत्रिणीला सांगितलं, तशी ती भडकलीच. "येडी हायस का? भूमिती काय उगंच शिकिवली व्हय? तू जायाचं!"

जूनमध्ये आईवडिलांनी तिला कायमचं लोणी देवकरला नेलं. दहावीला नाव तिकडंच घातलं. मंडळाची शपथ घ्यायच्या समारंभात माझ्या शेजारी दुसऱ्याच तुकडीतली मुलगी उभी होती. टाळ्या वाजत होत्या, आई कौतुकानं बघत होती, आणि मला सारखं वाटत होतं, एसटी चुकली म्हणत ती आता फाटकातून पळत येईल.

घरी आल्यावर आईच्या फोनवरून तिला फोन लावला.

"शपथ म्हणून दाखीव," ती म्हणाली.

"आत्ता?"

"व्हय. तू म्हण, मी मागनं म्हणते."

मी एकेक ओळ म्हणत गेले. पलीकडून तिचा आवाज यायचा, त्यात बाळाचं रडणं मिसळलेलं.

"झालं. आता मी बी मंडळात हाय," ती म्हणाली. "बाईंस्नी सांगू नगंस."

पुढं फोन कमी होत गेले. मी नोकरीला सोलापूरला गेले; ती लोणी देवकरच्याच कारखान्यात लागली, लग्नही जवळच झालं. गावी येताना गाडी लोणी देवकरवरून जाते. दर वेळी उतरावंसं वाटायचं. गेल्या उन्हाळ्यात उतरले. तिनं चहा केला, लेकीला माझ्या मांडीवर बसवलं. बोलायला इतकं होतं, की कुठून सुरू करावं तेच दोघींना सुचेना. तोवर तिची कारखान्यातल्या पाळीला जायची वेळ झाली.

फाट्यापर्यंत ती सोडायला आली. गाडी येईपर्यंत माझा हात तिनं धरूनच ठेवला होता. गाडी सुटली, तरी ती तिथंच उभी होती. मी खिडकीतून मागं बघत होते. मग एक उसाचा ट्रक मध्ये आला.