मशीननं मनानं भरलेलं

सीटी स्कॅन सेंटरात किस्से गोळा करावे लागत नाहीत. कपडे बदलायच्या खोलीत लोक चष्मे, चपला विसरून जातात, तसे किस्सेही ठेवून जातात.

भंडाऱ्यातलं आमचं मशीन, मी चालवते ते, रंगीत चित्र देतं. हाड एका रंगात, लोखंड दुसऱ्यात. मध्यंतरी त्याचे काही सेन्सर बिघडले आणि काही कोनांतली मापं मिळेनात. सुटलेला भाग सॉफ्टवेअर अंदाजानं भरायचं. म्हणून आमच्या डॉक्टरांचा नियम होता, रिपोर्टआधी हा भराव बंद करून बघायचं. उरेल ते खरं, पुसलं जाईल तो अंदाज.

*

जवाहरनगरचे एक रिटायर्ड काका कित्येक वर्षं सांगत होते, खांद्यात काहीतरी टोचतं. घरच्यांनी त्यांना वेड्यात काढलेलं. चित्रातही खांदा साफ. भराव बंद केला, तर लोखंडाची बारीक किरच! मशीननं ती चूक समजून बुजवली होती. काकांनी आधी बायकोला आत बोलावलं.

*

एकदा रिकाम्या टेबलाचा स्कॅन घेतला. पडद्यावर पुसट बरगड्या! इंजिनिअर फोनवर म्हणाला, सॉफ्टवेअरला आजवर माणसंच दाखवलीत, रिकामं कसं असतं ते त्याला ठाऊक नाही. सफाईच्या शांताबाईंनी हे ऐकलं. तेव्हापासून टेबल पुसण्याआधी त्या म्हणतात, "सरका जी थोडं."

आधी मी हसायचे. आता नाही हसत.

*

पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत करडी गावाहून सुनंदा आली. आई फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेलेली, तिला तीच धास्ती. चित्रात उजव्या फुप्फुसात वाटाण्याएवढी गाठ दिसली. भराव बंद केला, गाठ गायब. तरी डॉक्टरांनी नवे सेन्सर बसल्यावर तिला पुन्हा बोलावलं. सगळी मापं मिळाली, फुप्फुस स्वच्छ! ती तिथंच बसून रडली.

धान कापून झाल्यावर ती परत आली. खोकला थांबत नव्हता. या वेळी मशीनला भरायला काही उरलं नव्हतं, आणि गाठ होती. मी पहिलं चित्र काढून नव्यावर ठेवलं. तीच जागा, तेवढाच आकार.

डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं. ती दोन्ही चित्रं बघत राहिली.

"मशीनले आधीच कसं समजलं जी?"

डॉक्टरांनी तिला पुढच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली.

ती गेल्यावर डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "सेन्सर बिघडले होते तेव्हा टेस्टिंगसाठी आपण दोघंही या टेबलावर लेटलो होतो. भराव बंद केल्यावर आपल्या चित्रांतून काय पुसलं गेलं, आठवते ना तुला?"

मला आठवत होतं.