उन्हाचा बंब

कमलाकांत पेडणेकराचा हात डोक्याच्या आधी चालायचा. एकदा संडासाचं दार अडकलं तर त्याने ते बिजागऱ्यांसकट उपटून जिन्यात उभं केलं, आणि पुढचे कितीतरी दिवस आमच्या अख्ख्या मजल्याने गोणपाटाच्या आडोशाला दिवस काढले. चाळमालकाचा भाडं वसूल करणारा मेहता त्याच्या खोलीपुढून पाय न वाजवता जायचा. गिरणीत मात्र हाच माणूस बॉयलर खात्यातला सगळ्यात थंड डोक्याचा फिटर होता म्हणे. वाफेशी मस्ती करायची नाही, असं तो नव्या माणसांना बजावायचा. माणसांशी केलेली चालते असा त्याचा समज असावा. मी भिंतीपलीकडचा शेजारी, तेव्हा त्याची सगळी भांडणं मला फुकटात ऐकू यायची.

आंघोळीचं पाणी तापवताना त्याच्या बायकोच्या, सुंदराबाईंच्या पदराला स्टोव्हचा भडका लागला. कोपरापासून मानेपर्यंत कातडी गेली. कमलाकांतने घोंगडी टाकून तिला विझवलं आणि तो पेटता स्टोव्ह उचलून गॅलरीतून खाली भिरकावला. खाली दूधवाला वाकला होता. त्याची चरवी चेपली, डोकं वाचलं. बायको हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा कमलाकांतने सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगितलं की या घरात आंघोळीसाठी पुन्हा विस्तव पेटणार नाही.

आणि त्याने पाळलं. भंगारातून लोखंडी पाइप आणले, पत्र्याला डांबरासारखा काळा रंग फासला, लाकडी चौकटीत ते पाइप नागमोडी बसवले आणि वर खिडकीच्या जुन्या काचा ठोकल्या. पाइपांचे सांधे त्याने रबरी नळीचे तुकडे चढवून, तारेने आवळून जोडले. वर पिंप, खाली कॉक, पिंपाजवळ दुसरा कॉक. हे धूड गच्चीवर चढवायला कोपऱ्यातल्या खोलीतला बाबुराव साळुंखे त्याच्या जोडीला होता. बाबुराव साताऱ्याकडचा, पोलिसात शिपाई, अंगाने दणकट आणि बोलायला मऊ. आम्ही खूप हसलो. दुपारी कॉकमधून हाताला चटका देणारं पाणी आलं तेव्हा हसणारेच बादल्या घेऊन रांगेत उभे राहिले. चाळीने त्याला उन्हाचा बंब म्हणायला सुरुवात केली. बाबुरावची पोरं तर रोज त्याच पाण्याने आंघोळ करायची.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर आलं आणि त्या जानेवारीत परळ-लालबाग पेटलं. दगड, सोड्याच्या बाटल्या, अश्रुधूर, मग गोळ्या. लालबागच्या नाक्यावर बाबुरावला लाठी घेऊन उभं असलेलं कुणीतरी पाहिलं. झालं. चाळीने त्याच्या बायकोशी बोलणं टाकलं, पोरांना खेळात घेईनात. सगळ्यात जास्त पेटला कमलाकांत. मोर्चाला निघण्याआधी तो गच्चीवर गेला आणि बंबाचे दोन्ही कॉक घट्ट आवळून आला.

"पोलिसाच्या घरात आज माजा पाणी जावचा नाय," तो मला म्हणाला.

भर उन्हात, पाइपांत पाणी कोंडून. बॉयलर खात्यातला माणूस.

मोर्चात गोळी चालली ती त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या रघुला लागली. रघु त्याच्याच खात्यातला. मानेतून रक्ताची चिळकांडी कमलाकांतच्या तोंडावर उडाली. त्याने रघुला मांडीवर घेतलं, जखमेवर टोपी दाबून धरली, पण ते पोर तिथेच गेलं. गल्लीबोळातून लपतछपत कमलाकांत घरी आला तेव्हा त्याचा सदरा पुढून लाल झाला होता.

जिन्यावरून पाणी वाहत होतं. तो धावत गच्चीवर गेला. काचा तडकल्या होत्या आणि कॉकजवळची रबरी नळी उभी फाटली होती, सुरीने चिरावी तशी. खाली उतरला तर गॅलरीत बाबुराव बसलेला, रात्रपाळी करून आलेला, अंगात गंजीफ्रॉक, दोन्ही हात ओल्या फडक्यात गुंडाळलेले.

"नळी तू कापलंस."

"कमळ्या, आधी ऐकून घे."

पुढचं ऐकायला तो थांबला नाही. हातात गच्चीवरून उचललेला लोखंडी पाना होता. पहिला फटका खांद्याखाली बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या दारात ऐकू आला. दुसरा तोंडावर. दात फरशीवर पडले. मी मधे पडलो तर मलाही कोपर बसलं आणि मी भिंतीवर आपटलो. बाबुराव हात वर करत नव्हता, नुसता छातीशी धरून बसला होता. कमलाकांत रघुचं नाव घेत घेत मारत होता.

सुंदराबाई आतून आल्या आणि पान्याखाली उभ्या राहिल्या.

"माका मार," त्या म्हणाल्या. "पण आधी त्येचे हात बघ."

त्यांनी फडकं सोडलं. दोन्ही तळव्यांची कातडी सुटून फडक्याला चिकटून आली.

"बंबातसून शिट्टी वाजत होती. मी कॉक सोडूक गेलंय. बाबुरावांनी माका मागे ढकलल्यानी नि आपण हात घातल्यानी. तेवड्यात नळी फुटली. दोनी कॉक कोणी आवळल्यानी होते?"

कमलाकांतच्या हातातून पाना पडला. तो पुन्हा गच्चीवर गेला, फाटलेला तुकडा घेऊन आला आणि उलटा करून पाहत राहिला. रबर आतून वितळून गुळासारखं चिकट झालं होतं. वाफेने पडलेल्या असल्या चिरा त्याने आयुष्यभर पाहिल्या होत्या.

बाहेर कर्फ्यू होता. त्याने बाबुरावला पाठीवर घेतलं आणि हॉस्पिटलकडे निघाला. मी मागे होतो. नाक्यावर पोलिसांनी अडवलं, आणि रक्ताने माखलेला सदरा पाहून लाठ्या चालवल्या. कमलाकांत गुडघ्यावर आला, पण पाठीवरचं ओझं त्याने खाली पडू दिलं नाही. बाबुराव फुटक्या तोंडाने ओरडला, "माझ्या घरचा माणूस आहे." हा आपल्यातलाच शिपाई, हे ओळखल्यावर लाठ्या थांबल्या.

हॉस्पिटलात हात कसा मोडला, दात कसे पडले, ते लिहून घ्यायला पोलीस जमादार आला. पोलिसावर हात टाकला म्हणजे कमलाकांत तुरुंगात, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"बंब फुटला," बाबुराव म्हणाला.

त्याच्या मुठी पुन्हा पुरत्या मिटल्या नाहीत आणि नोकरी गेली. घरी आल्यावर त्याला आंघोळ कमलाकांत घालायचा. बंब मोडीत गेला होता. पाणी तापवायला तो स्टोव्ह स्वतः पेटवायचा, सुंदराबाईंना दाराबाहेर उभं करून. तापलेलं पाणी आधी आपल्या हातावर ओतायचा, थोडा थांबायचा, मग बाबुरावच्या पाठीवर.