घोड्याचा गुडघा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. आमचे हे फौजेतून कायमचे घरी आले, त्याचा सातवा दिवस. तीन वर्षांची चिमी म्हणाली, "पप्पा, घोडा घोडा!" हे हातापायांवर वाकले, चिमी पाठीवर चढली, अन् घोडा काही पुढं सरकेचना! तेव्हापासून ह्यांच्या गुडघ्यांचे इतके किस्से साठलेत, की पेन्शनची फाईल त्यापुढं बारीक दिसते.

*

फौजेतून सुटताना डॉक्टरांच्या बोर्डानं तपासलं होतं. "चलके दिखाओ." ह्यांनी दात आवळून परेडच केली! "दर्द?" "नहीं सर!" मग काय, अपंगत्व पंधरा टक्के. अपंगत्वाच्या पेन्शनला लागतात वीस. वर शेरा, दुखणं नोकरीमुळं नाही.

मी म्हटलं, "अहो, जरा लंगडायचं की!"

"सायबासमोर?"

*

अपील करायचं ठरलं. मी सातवी शिकलेली, पण अर्ज मीच लिहिला. घरात तालीम सुरू केली. सासूबाई डॉक्टर.

"दुखतंय का रं?"

"न्हाय आई."

"आरं, म्या आई न्हाय, डॉक्टर हाय!"

"नहीं सर!"

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी राजीनामा दिला.

*

तेरला माझ्या माहेरी निघालो, की एस.टी.त हे सगळ्यांना आधी चढू देतात. दांडी धरून वर ओढत चढतात ते कुणाला दिसू नये म्हणून. कंडक्टर म्हणतो, "फौजी लई सभ्य!"

पूर्वी वर्षातून दोनदा यायचे. तेव्हा वाटायचं, एकदा कायमचे आले की तिघं मिळून नदीपर्यंत चालत जाऊ. आता कायमचे आलेत. पहिल्या बांधाशीच म्हणतात, "ऊन लई हाय, माघारी जाऊ." संध्याकाळी कसलं ऊन?

*

धाराशिवला एक म्हातारे सुभेदार काका आमच्यासारख्यांचे अर्ज तपासून देतात. म्हणाले, "सूनबाई, ड्युटीवर लागलं, हे बघितलेला साक्षीदार आणा. त्याची सही पाहिजे. मुदतीला महिनाच राहिलाय."

घरी विचारलं, "कुणी बघितलं होतं?"

"कुणी न्हाय," म्हणाले, अन् चिमीची वेणी घालत बसले. वेणी घालताना त्यांचा हात कधी थांबत नाही, त्या दिवशी थांबला.

*

काल दुपारी चिमीला गोष्ट सांगत होते. बर्फात एक फौजी पाय मोडून पडला. घोड्यानं त्याला पाठीवर घेतलं अन् डोंगर उतरून खाली आणलं.

चिमी म्हणाली, "घोड्याला लागलं?"

"गुडघ्याला."

"मग त्या फौजीकाकाला सांगितलं?"

"न्हाय गं. काकाला वाईट वाटलं असतं."

मी भाकरी थापता थापता विचारलं, "कुठं असतो हो तो काका?"

माझ्याकडं न बघताच म्हणाले, "नळदुर्गकडं. ट्रक चालवतो."

तर, त्या रस्त्यावरच्या ढाब्यांवर कुणी थांबलात, अन् फौजेतून आलेला, एक पाय जरा ओढत चालणारा ड्रायव्हर दिसला, तर त्याला एवढाच निरोप द्या. ज्यानं तुला पाठीवर आणलं, त्याच्या घरी महिना संपायच्या आत चहाला ये.

गुडघ्याचं मात्र बोलू नका.